शेवटच्या गाडीच्या पुढे

ता. ६ जून

चि. सौ. ठमीस,
अ. उ. आ. वि. वि.

येथील सर्व क्षेम आहे. तुझ्या वहिनीचा गुडघा बाजाराला निघताना दुखतो, नातवंडांकडे जाताना दुखत नाही. त्यावरून दुखणे कितपत आहे हे तू ताडावेस.

पत्रास कारण की, काल मेहुण्यांचा फोन आला होता. बोलता बोलता त्यांनी सांगितले की, तुझे धावण्याचे बूट सध्या स्वयंपाकघराच्या दाराला लावले आहेत, म्हणजे दार वाऱ्याने आपटत नाही. ते हसत होते. मला हसू आले नाही.

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी तू धावू लागलीस तेव्हा हा प्रकार मला पसंत नसल्याचे मी तुला स्पष्ट कळविले होते. ते मत मी मागे घेतलेले नाही. परंतु हाती घेतलेले काम अर्ध्यावर टाकणे मला त्याहून नापसंत आहे. आमच्या गावच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत गेल्या वर्षी शेवटच्या गाडीने तुला गाठले व तू गाडीत बसून आलीस, एवढेच ना? सर्वांच्या मागून ठरलेल्या वेगाने एक गाडी येते आणि मागे पडलेल्यांना आत घेते, हा तेथील नियमच आहे. मी तीस वर्षे बस चालविली. गाडीत बसणाऱ्याला मी कधी कमी लेखले नाही.

आता बातमी. यंदा ती गाडी मी चालविणार आहे. नेहमीचा चालक नोकरीनिमित्त दुसरीकडे गेला, म्हणून शर्यतीचे चिटणीस, म्हणजे आमचे औषधांचे दुकानदार, स्वतः घरी आले. या वयात जमेल का, असे त्यांनी विचारले. मी त्यांना माझा परवाना दाखविला व चहा न देता परत पाठविले. दुसऱ्या दिवशी ते विनंती करण्यास आले, तेव्हा चहा दिला.

तरी दारासाठी एखादी वीट पाहावी व शर्यतीत नाव नोंदवावे. उत्तर पत्रानेच पाठवावे. फोनवर तू विषय बदलतेस. लोभ आहे तेवढा राहू द्यावा, कमी करू नये.

तुझा,
दादा


ता. १४ जून

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी कामावरून नुकतीच आले होते. आमच्या इस्पितळाच्या लाँड्रीत सध्या गरम इस्त्रीचं मोठं यंत्र बिघडलंय, त्यामुळे चादरी हाताने ताणून घड्या घालतोय. दंड असे भरून आलेत की तुमचं पत्रसुद्धा जड वाटलं. तुमच्या मेहुण्यांना मी विचारलं की घरातल्या गोष्टी दादांना कशाला सांगता, तर म्हणतात, मी बुटांचं कौतुकच करत होतो, दार अगदी छान धरतात!

दादा, जे कुणाला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. गेल्या वर्षी मी गाडीत बसले ती दमले म्हणून नाही. पाण्याच्या टाकीच्या चढावर गाडी माझ्या शेजारी आली. आत चित्रकला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी दार उघडलं आणि इतक्या मायेने म्हणाल्या की बसा मावशी, पुष्कळ केलंत, आता बसा. माझ्या पायांत जोर होता. श्वासही बरा चालला होता. तरी मी बसले. कुणी गोड बोलून बस म्हटलं की मी बसते, हे जन्मभराचंच झालंय. मग काचेतून तो चढ संपताना पाहिला, पुढची सपाटी पाहिली, आणि वाटलं की हे सगळं माझं होतं. शेवटी लोकांनी गाडीला टाळ्या वाजवल्या. एका बाळाने मला टाटा केला. तेव्हापासून बूट घालायला हातच होत नाही. वाटतं, आपण धावणाऱ्यांतल्या नव्हेच, उगाच सोंग घेतलं होतं.

पण गाडी तुम्हीच चालवणार म्हटल्यावर धास्ती निम्मी गेली. नाव नोंदवते. चढावर पाय जरा हलका ठेवाल ना? कुणाला कळणार आहे? वहिनींना नमस्कार. माया आहेच, ती वाढती ठेवावी.

तुमची,
ठमी


ता. २० जून

चि. सौ. ठमीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा वाचले तेव्हा राग आला, आणि दुसऱ्यांदा वाचले ते तो राग योग्यच होता की काय हे पाहण्यासाठी. तो योग्यच होता.

गाडीचा वेग समितीने ठरविला आहे. वाटेवरील प्रत्येक खुणेच्या खांबाशी गाडी केव्हा पोहोचली हे त्या चित्रकलेच्या बाई घड्याळात पाहून लिहितात. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे असले तरी नियम मला वाचता येतो, आणि वाचलेला नियम मी बहिणीसाठी बदलत नाही. आपले वडील एकदा थांब्यावर उशिरा पोहोचले होते. आरशात मला ते हात करताना दिसत होते. मी गाडी थांबविली नाही. ते भर उन्हात चालत घरी आले, दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात बसून सगळ्यांना सांगत होते की माझा मुलगा बापासाठीसुद्धा थांबत नाही. तेव्हा तू कोण?

तुला गाडीच्या पुढे राहायचे असेल तर त्यास एकच उपाय आहे, तो म्हणजे पुढे राहणे. थंड इंजिन कोणी पहिल्याच वळणावर पिळत नाही. पहिले काही आठवडे इतके सावकाश धाव की तुला स्वतःचीच लाज वाटावी. चढावर पावले लहान ठेव. मागे वळून पाहू नकोस. मागे काय आहे ते पाहणे माझे काम आहे. आणि त्या बाई यंदाही गाडीत असणार आहेत. त्या स्वभावाने चांगल्या आहेत, म्हणजे त्या पुन्हा बसा म्हणणारच. त्यांना काय उत्तर द्यायचे याचाही सराव कर.

रागावली असशील तर उत्तर देऊ नये, परंतु धावणे बंद करू नये. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझा,
दादा

ता. क. मी वहिनी लिहितेय. यांचं मनावर घेऊ नकोस. रोज सकाळी छत्री घेऊन शर्यतीच्या रस्त्याने जातात आणि खड्डे बघून येतात. परवा नगरपालिकेत जाऊन टाकीजवळचा एक खड्डा भांडून बुजवून घेतला. मी म्हटलं, बहिणीसाठी का? तर म्हणतात, गाडीच्या टायरसाठी.


ता. २ सप्टेंबर

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

एवढे दिवस पत्र नाही म्हणजे रागावले होते, हे तुम्ही ओळखलंच असेल. तुमचं पत्र वाचून मी दाराला लावलेले बूट तडक काढून पायात घातले, दार धाडकन आपटलं, आणि तुमच्यावरच्या रागात थेट दूध डेअरीपर्यंत पळाले. राग टिकला असता तर आणखी लांब गेले असते.

एक गंमत सांगते. इतके दिवस मी धावताना हातात पिशवी घेत होते. कुणी ओळखीचं दिसलं की वाटावं, बाईंची बस चुकतेय. डेअरीवाल्याने तर एकदा माझ्यासाठी बस हात करून थांबवली, आणि मला चढावं लागलं! तिकीट काढून पुढच्या थांब्यावर उतरले. कंडक्टर म्हणाला, एवढ्यासाठी पळत होतात काय? त्या दिवशी ठरवलं की पुरे. दुसऱ्या सकाळी पिशवी खुंटीलाच ठेवली आणि रिकाम्या हातांनी बाहेर पडले. हातांचं काय करावं तेच कळेना दादा. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी विचारलं, कुठे निघालात? मी म्हटलं, कुठेच नाही, धावतेय. त्या म्हणाल्या, बरं. एवढंच! वर्षभर ज्याला भीत होते ते एवढंच होतं.

काही सकाळी अजून अंथरुणातून निघवत नाही. मग स्वतःशी तह करते, की फक्त बूट घालून दारापर्यंत जायचं, पुढचं बंधन नाही. दारापर्यंत गेल्यावर परत फिरले असं एकदाच झालं, आणि तेव्हा ताप होता. तुमचे मेहुणे सायकलवरून मागे येतात. पहिल्या दिवशी म्हणाले, तुझ्याबरोबर सावकाश चालवताना तोल जातो. हल्ली गप्प असतात, कारण धाप लागते.

उत्तराचाही सराव चाललाय. लाँड्रीतल्या मुकादमबाई लाडात आल्या की मी दुसऱ्यांच्या पाळ्या करते, हे सगळ्यांना ठाऊक. गेल्या आठवड्यात त्या म्हणाल्या, ठमाताई, रविवारी तुम्ही येता ना, तुमच्यासारखं कोण आहे? मी म्हटलं, रविवारी जमणार नाही. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, जमणार नाही हेच कारण. घडी घालता घालता चादरीमागे तोंड लपवलं.

तुमच्या गाडीच्या पुढे राहीन, अगर तिच्यासमोर कोसळेन. आत बसणार नाही. राग संपला, माया आहे तिथेच आहे.

तुमची,
ठमी


ता. २२ नोव्हेंबर

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचले. पाय लाकडाचे झालेत, जिना बसून उतरते, आणि तरी हसतेय. पदक शेजारच्या मुलीने गळ्यात घालून बघितलं, मग तिच्या आईनेही. तुमच्या मेहुण्यांनी लाँड्रीत फोन करून सांगितलं. मी जाईपर्यंत सगळ्यांना इतकं तपशीलवार माहीत होतं की जणू तेच धावले.

पण दादा, एक काटा सलतोय. तुमच्या घरी सगळ्यांच्या हसण्यात विचारायचा धीर झाला नाही. टाकीच्या चढावर माझा जोर गेला, ते मला कळलं. गाडी शेजारी आली. दार उघडलं, आणि त्याच बाई तशाच मायेने म्हणाल्या की बसा मावशी. मी म्हटलं, नाही बसणार. त्या म्हणाल्या, अहो थोडंच राहिलंय, कशाला हट्ट? मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, थोडंच राहिलंय तर तुम्हीच उतरा की! आणि त्या खरोखर उतरल्या. चपला हातात घेऊन माझ्या शेजारी धावायला लागल्या, हसत, धापा टाकत. मग मला पुढचं आठवत नाही, एवढंच कळलं की गाडीचा आवाज मागे गेला.

बाई उतरल्यावर गाडीत घड्याळ बघणारं कुणी नव्हतं. तुम्ही एकटे होतात. दादा, तुम्ही पाय हलका केलात का? जूनमध्ये मीच तसं मागितलं होतं. केला असेल तर मी रागावणार नाही, पण पदक पेटीत ठेवीन. नसेल केला तर भिंतीला लावीन. तुम्ही लिहाल ते खरं मानेन. दुसरं कुणी असतं तर मानलं नसतं.

मायेत अंतर पडणार नाही, उत्तर काहीही असो.

तुमची,
ठमी


ता. २७ नोव्हेंबर

चि. सौ. ठमीस,
अ. उ. आ. वि. वि.

तू विचारलेस ते योग्य केलेस. जसे घडले तसे लिहितो.

चढाच्या पायथ्याशी तू गाडीच्या बरीच पुढे होतीस. मग तुझी पावले जड झाली व तुझा डावा खांदा झुकला. लहानपणी पाण्याची घागर आणताना झुकत असे, तसाच. त्या वेळी माझा पाय आपोआप वर आला. मी त्याला सांगितले नव्हते. गाडीने किंचित गती सोडली, एवढ्यात मी तो पुन्हा खाली ठेवला. जेवढे गेले तेवढे पुढच्या खांबाच्या आत भरून काढले, आणि त्या खांबाशी बाईंनी घड्याळ पाहून वेळ लिहिली. ती समितीच्या वेळेशी जुळते. गाडी त्यानंतरच तुझ्या बरोबरीला आली. पाय वर राहिला असता तर ते दार तुझ्याशेजारी उघडलेच नसते, आणि तुला नाही म्हणण्याची वेळच आली नसती. बाई उतरल्यानंतर मी वेगाच्या काट्यावरून नजर काढली नाही. गाडी त्याच वेगात होती. मागे ती पडली नाही. पुढे तू गेलीस.

पदक भिंतीला लावावे. खिळा मेहुण्यांकडून ठोकून घेऊ नये, ते वाकडा ठोकतात.

आता दुसरे. तू शर्यत संपते तेथील कमानीतून आत गेलीस तेव्हा मी आरशात पाहिले. सर्व आसने रिकामी होती. तीस वर्षांत रिकामी गाडी आगारात आणणे मला नेहमी कमीपणाचे वाटत आले. त्या दिवशी मात्र माझा हात भोंग्यावर गेला व तेथेच राहिला. किती वेळ, हे मला सांगता येणार नाही. चिटणीस धावत आले, त्यांना वाटले माझे काही बरेवाईट झाले. लोक कानांवर हात ठेवून हसत होते. तुझी वहिनी सांगते की तो आवाज घरापर्यंत येत होता, आणि ओट्याशी उभ्या उभ्याच तिला कळले की तू पोहोचलीस.

धावणाऱ्यांच्या मागे भोंगा वाजविण्यास सक्त मनाई आहे. त्यामुळे संध्याकाळी मी समितीकडे जाऊन दोन गोष्टी लेखी कळविल्या: चित्रकलेच्या बाईंनी नेमलेली जागा सोडली, आणि चालकाने विनाकारण भोंगा वाजविला. बाईंना समज देण्यात आली. त्यांनी पुढील वर्षी धावणाऱ्यांत नाव दिले आहे. मला पुढील वर्षी गाडी मिळणार नाही. निर्णय योग्य आहे व मी त्यावर सही केली आहे. चिटणीस विचारीत होते की निदान विनाकारण हा शब्द खोडू का. मी विचार करून होय म्हटले.

तेव्हा पुढील वर्षी तुझ्या मागे कोणी अनोळखी चालक असेल. तू त्याची काळजी करू नयेस. त्याला गाडी रिकामीच परत न्यावी लागेल, हे मी त्याला आधी समजावून सांगणार आहे.

वहिनीचे अनेक आशीर्वाद. आमचा लोभ तुझ्या पुढे धावू शकणार नाही, परंतु मागे राहणार नाही.

तुझा,
दादा