दादांच्या मुलाखतीतलं पाणी

शुक्रवार, वैशाख

आज संध्याकाळी रेडिओवर माझ्या थोरल्या दिरांची, दादांची, मुलाखत लागली. नव्या लातूर जिल्ह्यातल्या दुष्काळावर कार्यक्रम होता. गेल्या आठवड्यात रेडिओची माणसं दादांच्या मळ्यात येऊन बोलणं भरून घेऊन गेली होती. ऐकायला सगळी गल्ली आमच्या ओट्यावर जमली.

दादा म्हणत होते, "साहेब, हिर कोरडीठाक हाय. प्यायला थेंब न्हाई." आणि त्यांच्या बोलण्यामागं पाणी पडत होतं. लांब, बारीक, पण हौदात पडावं तसं. बाकीच्यांना ऐकू आलं की नाही?

लोक गेल्यावर ह्यांना विचारलं. म्हणाले, "रेडिओवाले मागून आवाज घालतेत. नाटकात पाऊस पाडत न्हाईत का?"

असेल. पण दुष्काळाच्या कार्यक्रमात पाण्याचा आवाज कोण घालेल? आणि त्या पाण्याच्या आवाजात मोठ्या जाऊबाई म्हशीला दटावत होत्या, "सरक गं चंद्रे." तोही आवाज रेडिओवाल्यांचाच का?

असं म्हटलं तर हे भडकले. "गप ऱ्हा. कुनाला बोलू नको."

म्हणजे बोलण्यासारखं काही आहे तर!

मी टँकरपुढं भांडून दोन घागरी आणते. हे कधीपासून म्हणतात, "माझ्या अंघोळीला पानी ठेवू नको, तुझे लई हाल होतेत." किती बरं वाटायचं मला.

दादांच्या मळ्यातून येतात तेव्हा ह्यांचे केस ओले असतात. मी घाम समजत होते.