गढीतलं मिठागर

बाबा, तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि आज मी लिहायला बसलेय ते त्या गढीतल्या एका सकाळीबद्दल. आईला यातलं अजून काही माहीत नाही. नव्वदच्या आसपासची गोष्ट. खाडीपलीकडच्या जुन्या गढीत गावाकडच्या जुन्या वस्तूंचं संग्रहालय उघडलं होतं. जाती, उखळं, नांगर सगळं आहे, आणि मधल्या चौकात मिठागरसुद्धा मांडलंय, शाळेची सहल तिथेच न्यायचीय, असं मी जेवताना बोलून बसले. आपलं मिठागर नव्या शहराच्या भरावाखाली जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. तुझा घास हातातच राहिला. "किल्ल्यान मिठागर? आमी बघाया येनार." खांदा कॉलनीतल्या शाळेत मला कायम करायचं की नाही, ते मोठ्या बाई सहलीनंतरच्या आठवड्यात ठरवणार होत्या. म्हणून तुला शाळेच्या गाडीत घेतलं नाही. एसटीनं ये, आत भेटू, म्हणाले. तू हो म्हणालास. मेली ती तुझी हो म्हणायची सवय! एकदा तरी भांडायचंस की रे माझ्याशी.

मुलांना पुढे घालून मी चौकात येते, तर तू दोरीशी उभा. धुतलेला सदरा, लग्नाकार्याची टोपी. दोरीपलीकडे खाटेएवढा मिठाचा वाफा केलेला, कडेला मिठाची रास, आणि मधला चिखल वाळून भेगाळलेला. मी डोळ्यांनीच तुला दटावते, पण तुझं लक्ष त्या भेगांवर. आता तू काय करणार ते मला कळलं. तू चपला काढल्यास. वाफ्याला हात लावून कपाळाला लावलास, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी त्यावर ओतलंस आणि उतरलास आत. आधी टाच, मग चवडा, एकेक पाऊल मागे सरकत तुडवायला लागलास. तळाला भेग पडली की पाणी झिरपून जातं, मीठ धरत नाही, हे आपल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. भेग दिसली की तुडवायची, वाफा कोणाचा ते विचारत बसायचं नाही.

"ए म्हाताऱ्या, बाहेर ये!" रखवालदार धावत आला आणि त्यानं तुझा दंड धरला. मुलं फिदीफिदी हसायला लागली. "भेग परलीय, मीठ नाय धरनार," तू त्याला शांतपणे समजावत होतास, जणू तो कामावर नवा लागलाय. तो आणखीच भडकला. "हे बघायचं असतं, आत शिरायचं नसतं! कोण आहे तुझ्याबरोबर?" मोठ्या बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "कोण कुठली माणसं आत सोडतात, शी!" तू माझ्याकडे पाहिलंस. एकदाच. मी मुलांकडे वळले, "हसू नका, रांगेत चला," म्हणत राहिले. मागून तुझा आवाज आला, "कोन नाय. येकलाच आयलू."

संध्याकाळी मी भीत भीतच घरात पाय टाकला. आईसमोर काय काय निघणार! तू तर तिला रंगवून सांगत होतास, पोरीनं सगळी गढी फिरवून दाखवली, मोठ्या बाईंची ओळख करून दिली, बाईंनी चहा पाजला. चहासुद्धा, बाबा! आई माझ्याकडे किती कौतुकानं बघत होती. मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत पळाले. पुढच्या महिन्यात मी कायम झाले आणि तू आळीत पेढे वाटलेस.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, कपाटातच राहील. इतकी वर्षं मी मनाची समजूत घालत आले, की मी घाबरले होते, तोंडातून शब्दच फुटला नाही. साफ खोटं. शब्द अगदी ओठावर होता. पण तू येकलाच म्हणालास, आणि मला हायसं वाटलं.