बीबी झुवेनांच्या पाच कॅसेटी

अल् खुवैर, मस्कत
१४ मार्च १९९७

प्रिय ताई,

आम्ही दोघं मजेत आहोत, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं धीराने वाचशील. आईचा गुडघा कसा आहे?

पत्र टपालाने न टाकता शेजारच्या रईसाबरोबर रत्नागिरीला पाठवतेय. सोबत पाच कॅसेटी आहेत. त्यांत इथल्या बरका गावच्या बीबी झुवेनांचा आवाज आहे. त्यांच्या आईला आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलं होतं. बीबींनी स्वतःसारख्या काळ्या बायकांना अंगणात जमवून लिहायला शिकवलं, फुकट राबायला नाही म्हणायला शिकवलं. माझं पुस्तक या बायकांवरच आहे.

गेल्या आठवड्यात शिरीषला त्याच्या साहेबांनी बोलावून विचारलं, "तुमच्या मिसेस गुलामीबद्दल का विचारत फिरतात? व्हिसा तुमच्या नोकरीवर आहे, सांगा त्यांना." शिरीष मला रागावला नाही गं. पण जेवताना बेल वाजली तरी त्याचा हात थांबतो.

म्हणून मी कॅसेटी परत द्यायला गेले. बीबी त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "डर लगता है तो मत लिख. पर इधर मत छोड. मेरे बेटे ही मिटा देंगे, उनको शरम आती है." मग माझ्या वहीत त्यांनी स्वतःच्या हाताने आईचं नाव लिहिलं. ते आजवर कुठल्याच कागदावर नव्हतं.

कॅसेटी तुझ्या कपाटात ठेव. फोनवर फक्त 'लोणचं पोचलं' म्हण. आईला काही बोलू नकोस.

मी लिहिणं थांबवलंय, असं शिरीषला वाटतं. काल तिसरं प्रकरण पूर्ण झालं.

तुझीच,
उत्तरा