परत आलेले हातमोजे

३ ऑक्टोबर १७६९, मंगळवार

ह्यांनी सही केली! यादीवर पहिलंच नाव — जोथम टिल्डन, कापडवाले. लंडनचं पार्लमेंट आमच्या अमेरिकी वसाहतींतला काचेवरचा, कागदावरचा, रंगांवरचा, चहावरचा कर उठवत नाही तोवर विलायती माल आणायचा नाही, विकायचा नाही. बोस्टननं केव्हाच ठरवलं. आमच्या बंदरात यादी आज फिरली.

कागद घेऊन आला कोण — माझाच धाकटा भाऊ सायलस! बहिष्कार समितीचा चिटणीस झालाय. "दाजी, जरा ठळक करा. लांबून वाचता यायला हवं." ह्यांनी ठळक केलं. लंडनहून आलेली पेटी अजून फोडलीही नव्हती, ती स्वतः गाड्यावर घालून समितीच्या वखारीत नेऊन ठेवली. किल्ली सायलसच्या खिशात.

सासूबाई अंथरुणातून — "कापडवाल्यानं कापड विकायचं नाही, मग काय विकायचं गं? प्रार्थना?"

मी हसले नाही. पण हसू आलं होतं.

आजपासून संध्याकाळी एकच मेणबत्ती.

१५ ऑक्टोबर, रविवार, शब्बाथ

पाळकांचं प्रवचन आज घरच्या सुतावर. बाहेरचं रेशीम म्हणजे गळ्यातला फास, वगैरे. माझा करडा झगा दोनदा उलटवून शिवलाय, हे सगळ्या गावाला ठाऊक. आजवर त्यावर बायका पंख्याआड हसत. आज शेजारची डॉर्कस — पिंपवाल्याची बायको — सगळ्यांदेखत म्हणाली, "केझायाबाई, तुमच्याकडून शिकावं माणसानं."

चिकटपणाचं दोन आठवड्यांत देशप्रेम झालं! बरं वाटलं. नको इतकं बरं वाटलं. घरी येऊन गुडघे टेकले.

२ नोव्हेंबर, गुरुवार

चहाची शेवटची चिमूट संपली. रासबेरीच्या पानांचा काढा करून दिला. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि कप माझ्या हातात ठेवला. "हे डॉर्कसच्या घोड्याला दे. आणि त्यानंही सही केलीय का ते विचार."

समोरच्या माडीवर राजाच्या जकातीचा नवा साहेब राहायला आलाय. हॅक्सटन नाव. खिडकीत बसून पिस्तुलं पुसतो. मी रस्त्यात दिसले की टोपी काढतो. मी बघत नाही. बघितलेलं लोक बघतात.

९ नोव्हेंबर, गुरुवार

सासूबाई पेजही घेईनात. डॉक्टर रक्त काढून गेले. काढण्याजोगं उरलंय कुठं!

दुपारी मला जवळ बोलावलं. "केझाया, एक सांगते. तुझ्या सासऱ्यांच्या वेळी दीडशे घरी हातमोज्यांचा जोड पाठवला होता. ज्याला जोड, त्याला मयताचं बोलावणं. एक माणूस घरी राहिला नव्हता."

"हो आई."

"माझ्या वेळी काटकसर करायची नाही. कातडं मऊ हवं. गाव आलं नाही तर वर जाऊन त्यांना काय सांगू — तुमची सून हिशेब करत बसली होती?"

मी म्हटलं, बोलू नका, धाप लागते. म्हणाल्या, "धाप माझी आहे. मी ठरवीन कुठं खर्च करायची ते."

मी शब्द दिला.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

समितीचा नवा ठराव. मयतीला विलायती हातमोजे वाटायचे नाहीत, काळं विलायती कापड घालायचं नाही. गावात शिवलेले चालतील. चांभाराकडे जाऊन आले. हरणाचं पिवळं कातडं — फळीसारखं ताठ. किंमत ऐकून तशीच परत फिरले.

शब्द तर दिलाय.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

देवानं वाट दाखवली.

माळ्यावर बाबांची पेटी! बाबा इथलेच पाळक. तीस वर्षांत गावात जे जे गेले, त्या प्रत्येकाच्या मयतीचा एक जोड पाळकाच्या घरी आला. आई त्यातले विकायची. माझं वाचणं, लिहिणं, गणित, सगळं त्या हातमोज्यांवर झालं. उरलेले बाबांनी जाताना मला दिले. आजवर एकही मोडला नाही.

करडांचं मऊ कातडं. पिवळट पडलेत एवढंच. एकावरही ह्या नव्या कराची पै गेलेली नाही. उलट एकेक जोड एकदा कबरीपर्यंत जाऊन आलेला! ठरावाला धक्का नाही, पैशाला धक्का नाही, सासूबाईंना दिलेला शब्दही राहतो. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "सायलसला विचारून घे." मी म्हटलं, आमच्या बाबांची पेटी उघडायला समितीला कशाला विचारायचं?

गव्हाचा कोंडा आणि शिळ्या पावाचा चुरा घेऊन बसले. घासत गेलं की खालून कसं दुधासारखं कातडं निघतं! तीन दिवसांचं काम आहे.

२७ नोव्हेंबर, सोमवार

सासूबाई पहाटे गेल्या. हात माझ्याच हातात होता. शेवटचं बोलणं माझ्याशीच — "घासलेस का सगळे?"

हो म्हटलं.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

हे स्वतः घरोघर जोड देऊन आले. बर्फगार पाऊस. म्हणतात, घेतले सगळ्यांनी, पण कुणी आत बोलावलं नाही. पावसामुळं असेल.

२९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी दार उघडलं. पायरीवर हातमोजे. पांढरे, ओले, एकावर एक. काही चिखलात तुडवलेले. एका जोडात घोड्याची लीद भरलेली. बोटाबोटांत दाबून भरलेली, फार वेळ घेऊन.

डॉर्कस आपल्या दारातूनच बोलली. "जोथमनं वखारीतली पेटी फोडली म्हणतात."

"अहो, हे जुने आहेत! माझ्या वडिलांचे!"

"जुने? इतके पांढरेफेक?"

"मी घासलेत. कोंड्यानं."

"मग इतकं घासायचं कशाला, केझायाबाई?" आणि दार लावून घेतलं.

पाळकांनी आपला जोड स्वतः आणून दिला. "तुमच्या वडिलांना मी फार मानतो." एवढंच. माझ्या वडिलांना मानतात आणि त्यांचाच हातमोजा दारातल्या टेबलावर ठेवून जातात!

दुपारी सायलस. मागच्या दारानं आला. समितीचा चिटणीस आमच्या पुढच्या दारानं येईना!

"ताई, काय करून बसलीस हे?"

"तू ओळखत नाहीस? लहानपणी हेच घालून कोंबड्यांना प्रवचन द्यायचास."

"ओळखतो गं. समितीत सांगितलंसुद्धा. हसले सगळे. म्हणाले, चिटणिसाची बहीण, म्हणजे जुनेच असणार."

"मग वखारीतली पेटी उघडा. सगळ्यांदेखत."

"उघडली. आत्ता तासाभरापूर्वी. सुतळीसुद्धा हललेली नाही."

"मग झालं तर!"

तो टोपी हातात फिरवत राहिला. मग खिशातून छापील कागद काढला. जोथम टिल्डन, कापडवाला, देशाचा वैरी. याच्याशी कुणी व्यवहार ठेवू नये, बोलू नये. शाई अजून बोटाला लागत होती.

"हा सकाळीच निघाला, ताई. बोस्टनलाही गेला. आता काय छापू — आमचं चुकलं म्हणून? एकदा चुकलं म्हटलं की उद्या प्रत्येक दुकानदाराच्या माळ्यावर बापाची पेटी निघेल. मग उरतं काय? जहाजं परत यायला लागतील, कर तसाच राहील, आणि आपली पोरं त्यांच्या पोरांची भांडी घासतील."

त्याचं सगळंच खोटं नाही, हेच वाईट.

हे कोपऱ्यात उभे होते. एवढंच म्हणाले, "पहिली सही माझी होती, सायलस."

३० नोव्हेंबर, गुरुवार

सासूबाईंना पुरलं.

खांदा द्यायला कुणी नाही. आम्ही वाट बघत बसलो. समोरून हॅक्सटन रस्ता ओलांडून आला, टोपी काढून. "बाई, माझ्या होडीवरची सहा माणसं देतो. नीट वागतील." मनापासून बोलत होता. मला वाईट वाटलं, कारण तेवढं मनापासून दुसरं कुणी बोललं नव्हतं. हे म्हणाले, "साहेब, तुमच्या माणसांनी खांदा दिला तर आईबरोबर मीही पुरला जाईन."

शेवटी आले ते दोन क्वेकर भाऊ, खाडीपलीकडचे. त्यांच्या पंथात हातमोजे वाटणं मुळातच पाप. बाबा ज्यांना व्यासपीठावरून पाखंडी म्हणायचे तेच! उघडे हात, लाल पडलेले. ते दोघं, हे, आणि कबर खणणारा म्हातारा. चौघांत शवपेटी चढावर डुगडुगायला लागली, तेव्हा मी खालून हात लावला. बाईमाणसानं लावू नये. लावला.

घंटा वाजली नाही. खिडक्यांतून बघत होते सगळे.

सासूबाई, मी हिशेब करत बसले नव्हते हो.

१२ डिसेंबर, मंगळवार

दुकानाच्या दारावर कुणी डांबर फासलं. खरवडून काढलं. हात सोलले.

१९ डिसेंबर, मंगळवार

मक्याचं पीठ द्यायला गिरणीवाला नाही म्हणाला. तोंडानं नाही. नुसता दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला. क्वेकरांच्या घरून घेऊन आले, तीन कोस चालून.

२५ डिसेंबर, सोमवार

आमच्या पंथात नाताळ पाळत नाहीत. समोर हॅक्सटनकडे गाणी चाललेली. हे खिडकीशी उभे. म्हटलं, कशाला ऐकता ते? म्हणाले, "चार माणसं एकत्र बोलतायत, ते ऐकतोय."

७ जानेवारी १७७०, शब्बाथ

प्रार्थनाघरात आमच्या बाकावर आम्ही दोघंच. मागचे बाक खच्चून भरलेले, माणसं उभी — पण आमच्या शेजारी नाही. ह्यांनी सरकून जागा केली. बराच वेळ तसेच सरकून बसले होते.

ह्यांचे गाल बसलेत. रात्री बोलत नाहीत. परवा म्हणाले, बोस्टनला जाऊ. मग म्हणाले, कागद तिथंही गेलाय.

देवा, ह्यांचं नाव परत दे. दुसरं काही मागत नाही.

१८ जानेवारी, गुरुवार

घाईत लिहितेय. खाली रस्त्यावर गर्दी. हॅक्सटननं आज एका कोळ्याचं गलबत धरलं — काकवीची पिंपं, जकात चुकवली म्हणून. गलबतही जप्त, पिंपंही. त्या कोळ्याला पाच लेकरं आहेत. सगळं बंदर हॅक्सटनच्या माडीखाली जमलंय. बर्फाचे गोळे, शिंपले, शिव्या. डॉर्कसचा नवरा, चांभार, गिरणीवाला, सायलस — सगळे!

हे पडद्याआडून बघत होते. मी म्हटलं, "जा."

"कुठं?"

"खाली. त्यांच्यात जाऊन उभे राहा."

"मला उभं करतील का ते?"

"आज कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. मागं उभे राहा. ओरडू नका, काही फेकू नका. फक्त दिसा. उद्या कुणीतरी म्हणेल, टिल्डनही होता आपल्यात. तेवढं पुरे."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. कित्येक आठवड्यांनी नीट बघितलं. कोट घातला. सासूबाईंची लोकरी शाल मी गळ्याभोवती गुंडाळून दिली. जिन्यावरून म्हणाले, "पेज ठेव चुलीवर. भूक लागलीय."

भूक लागलीय म्हणाले!

आता खिडकीतून दिसतायत. कडेला आहेत. सायलसनं वळून बघितलं — आणि हाक मारली! हात वर करून बोलावतोय. लोक वाट देतायत. हे पुढं चाललेत.

पेज उतू जातेय.

२२ जानेवारी, सोमवार

ह्यांना आज पुरलं. गोळी हॅक्सटनच्या माडीवरून आली तेव्हा हे सगळ्यांत पुढं होते.

घंटा दुपारभर वाजत होती. सहा खांदेकरी लागतात, तर कोपऱ्यासाठी भांडणं. सायलस कबरीपाशी म्हणाला, "आपला जोथम." मग काय म्हणाला ते गर्दीच्या आरोळीत ऐकू आलं नाही. पोरांच्या खांद्यावर बंदुका होत्या. नवा कागद निघालाय, काळ्या चौकटीचा. नाव 'देशाचा वैरी'वाल्या कागदाच्याच खिळ्यांनी छापलंय. 'टि'चा तुटका कोपरा मी ओळखला.

सगळं गाव आलं. बोस्टनहून आले. चढावर माणूस मावेना.

मी हातमोजे एकालाही पाठवले नव्हते.