मीनाच्या नावावर आलेली पत्र्याची गिटार

जव्हार, गुरुवार

ती. सुदर्शनदादा यांस वामनचा नमस्कार. आम्ही येथे ठीक आहोत. म्हणजे मी ठीक आहे. 'आम्ही' लिहायची सवय अजून गेलेली नाही. आपल्या कांजिण्या सुकू लागल्या असतील अशी आशा करतो. या वयात त्या याव्यात आणि त्यापायी सख्ख्या बहिणीच्या दिवसकार्याला येता येऊ नये, याचे आपल्याला किती वाईट वाटले असेल ते मी समजू शकतो. खाजवू नये.

आपला निरोप मिळाला. बायकोच्या दिवसाला मेहुण्याने गिटार आणली हे नाशिकपर्यंत पोचले आणि आपल्याला मान खाली घालावी लागली, याबद्दल क्षमा असावी. वस्तू सात दिवसांत परत करता येते आणि आपण म्हणता तशी मी ती परत करीन. पण मी ती हौसेने घेतली हा समज दूर व्हावा म्हणून घडले ते लिहितो.

मीना गेल्यावर पाचव्या दिवशी तिचा फोन वाजला. (तो मी रोज चार्ज करत होतो. का, ते मला सांगता येणार नाही.) ऑनलाइन लिलावाच्या कुठल्याशा अ‍ॅपचा निरोप होता, चांगल्या मराठीत: 'मीना, तुमच्या आवडीच्या वस्तूचा लिलाव आज संपतो आहे. तुम्हाला ती अजून हवी आहे ना?' पाच दिवसांत घरी आलेला प्रत्येक माणूस मीनाबद्दल 'होती' असेच बोलत होता. मी 'हो' दाबले. वस्तू काय आहे ते नंतर पाहिले. फोटोत चकचकीत पत्र्याचे काहीतरी होते, मधोमध भोके पाडलेली गोल चकती. मला इडलीपात्र वाटले. आमच्या ऑफिसातल्या मंगेशने सांगितले, ही रेझोनेटर गिटार, नव्वद वर्षांपूर्वीची. आवाज लांब जावा म्हणून हिच्या पोटात अ‍ॅल्युमिनियमची पातळ तबकडी बसवलेली असते. मीना याबद्दल कधी बोलली नव्हती. बावीस वर्षांत ती गुणगुणल्याचेही मला आठवत नाही. (मी विचारलेही नव्हते.)

दोन मिनिटांत दुसरा निरोप आला: 'मीना, कोणीतरी तुमच्या पुढे गेले आहे.' हे मात्र मला सहन झाले नाही. मी आकडा वाढवला. समोर गोव्याचा कोणी होता, तो वाढवी, मग मी वाढवी. ओटीवर भेटायला आलेली माणसे बसलेली. सरपंच धीर देत होते आणि माझी मान खाली, त्यामुळे त्यांना आपले बोलणे लागू पडते आहे असे वाटून ते जास्तच बोलले. शेवटी गोजाआत्याने विचारले, "वामन्या, मघापासून कोनाशी चाललाय तुजा?" मी खोटे बोलत नाही हे आपण जाणता. "मीनाशी," म्हटले. त्याबरोबर पाच दिवस रडून दमलेल्या बाया पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या. त्या गलबल्यात शेवटचा आकडा माझ्याकडून जरा मोठा पडला आणि गोवा गप्प झाला. (रक्कम आपण विचारली आहे. कांजिण्यांत ताप वाढलेला चांगला नाही.)

खोका नेमका दिवसकार्याच्या दिवशी साखरशेतला, आमच्या गावच्या घरी आला. गावात थाळ वाजवणारे नवसूबाबा थाळ घेऊन मांडवात बसले होते. (वहिनी शहरातल्या, त्यांना सांगावे: काशाच्या थाळीवर मेणाने काडी उभी चिकटवतात, काडीवरून बोटे ओढली की थाळ घुमतो आणि त्या सुरावर गेलेल्या माणसाला पुढची वाट सांगतात.) कुरियरवाला थेट आत येऊन म्हणाला, "मीना मॅडम कोण? ओटीपी सांगा." सगळा मांडव माझ्याकडे वळला. मी खिशातून तिचा फोन काढून आकडे वाचले. त्याने 'स्वतः स्वीकारले' यावर खूण केली, पाणी प्याला आणि गेला.

खोका उघडल्यावर नवसूबाबांनी थाळ बाजूला ठेवून गिटारीवर टिचकी मारली. ती बराच वेळ घुमत राहिली. "ताट भारी आहे," ते म्हणाले, "पन कोंडून कशाला ठेवलाय? झाकन घातला म्हनून तर तारा लावाया लागल्या." मंगेश घाईने म्हणाला, बाबा, नव्वद वर्षांची जुनी वस्तू आहे, हात नका लावू. "मी पन नव्वदीचा," बाबा म्हणाले, "मला कोन झाकन घालतो?" आणि त्यांनी पेचकस मागितला. मी नम्रपणे नकार दिला आणि गिटार खोक्यात ठेवली.

तरी आपण निश्चिंत असावे. जशी आली तशी ती परत जाईल. वहिनींना नमस्कार.

आपला,
वामन

ता. क. १: वर नकार दिला असे लिहिले आहे ते बरोबर नाही. पेचकस मीच शेजारून आणून दिला. तबकडीवर आता मेण आहे आणि काडीही तिथेच आहे. मीनाला वाट बाबांनी त्या तबकडीवरच सांगितली. आवाज कसा होता ते मला लिहिता येत नाही, पण बाया रडायच्या थांबल्या.

ता. क. २: परतीचा फॉर्म मी तीनदा उघडला. 'मीना, तुम्हाला ही वस्तू का नको?' याखाली तीनच उत्तरे आहेत: चुकीची वस्तू आली, वस्तू तुटलेली आहे, माझा विचार बदलला. तिचा विचार बदललेला नाही, दादा. मुदत परवा संपते, म्हणून हे पत्र साध्या टपालाने पाठवतो आहे.

ता. क. ३: तिच्या आवडीच्या यादीत आणखी एक वस्तू निघाली, जुनी पायपेटी. लिलाव रविवारी आहे. ती नाशिकरोडलाच असून विकणारा घरपोच देत नाही, तेव्हा आपली पिकअप लागेल. पेटी उचलायला चौघे हवेत असे लिहिले आहे. मंगेश, नवसूबाबा आणि मी, तिघे आहोत.