बाबांच्या रेडिओची तोफ

२ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. कामाला शिस्त हवी. काम एकच: बाबांचा रेडिओ बोलता करणे. मुदत पहिल्या रोजापर्यंत, म्हणजे तीन आठवडे. भरपूर झाले.

रेडिओ अठ्ठेचाळीस सालचा. बाबा गेल्यापासून बारा वर्षं कपाटावर पडून. सूर्य बुडाला की कैरोत रोजा सोडायची तोफ होते, ती यंदा एकदा त्याच्यावर ऐकायची, असं आईने मनात घेतलंय. टीव्हीवरची तिला दार आपटल्यासारखी वाटते. पूर्वी रेडिओवर तोफ झाली की बाबा तिच्या हातावर पहिला खजूर ठेवायचे. मी म्हटलं, पुढच्या वर्षी निवांत करू. म्हणाली, पुढच्या रमजानचं मला नको सांगूस बाळा, हा हिवाळा कसा काढलाय ते माझं मला माहीत.

इन्साफची अट निराळी. बायकोच ती माझी. बोलला तर बोलला, नाहीतर जाईल रोबाबेकियावाल्याच्या गाडीवर. जुनंपुराणं घेणारा तो माणूस रोज गल्लीतून ओरडत जातो. आज आमच्याच दाराशी जास्त ओरडला.

४ फेब्रुवारी
खवाजा वाहानकडे गेलो. अर्मेनियन, म्हणून खवाजा; परक्या मुलखातल्या माणसाला इथे तसंच म्हणतात. आमच्या अख्ख्या शुब्रा भागात जुने रेडिओ दुरुस्त करणारा हा एवढाच उरलाय. म्हणाला, आतले कपॅसिटर सुकलेत, एकदम दोनशेवीस व्होल्ट दिलेस तर फुटतील. आधी बदल. बदलेपर्यंत नुसतं तपासायचं असेल तर मध्ये साठ वॅटचा बल्ब लाव आणि व्होल्ट हळूहळू वाढव, दोन-तीन दिवस घे. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर हात मागे घे आणि मला बोलाव. उपाशी म्हाताऱ्याला कोणी एकदम पंगतीला बसवतं का, म्हणाला.

व्होल्ट कमीजास्त करायचं यंत्रही उसनं दिलं. भारी जड.

एवढं समजावायची गरज नव्हती. मी टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं काढली. बिल विभागात, पण खातं टेलिफोनचंच. बिल्डिंगमध्ये सगळे मला इंजिनिअरसाहेब म्हणतात. कैरोत चष्मा लावणाऱ्या कोणालाही म्हणतात, असं इन्साफ म्हणते.

उद्या कपॅसिटर आणायचे.

५ फेब्रुवारी
नाही आणले. पाठ.

६ फेब्रुवारी
वाळूचं वादळ येईलसं वाटलं म्हणून बाहेर पडलो नाही. आलं नाही. तोवर दुकान बंद.

९ फेब्रुवारी
यंत्र अजून खालीच, बव्वाबाच्या खुर्चीजवळ. लिफ्ट बंद आहे. चौथा मजला, माझी कंबर. आमचा बव्वाब सुब्हीकाका, म्हणजे बिल्डिंगचा रखवालदार, त्यावर चहाचा ग्लास ठेवतो. म्हणतो, साहेब, टेबल फार छान आणलंत.

१२ फेब्रुवारी, दुपारी
आज प्रत्यक्ष काम! बल्ब मध्ये लावला, प्लग घातला. बल्ब लख्ख पेटला. पेटलेलाच राहिला. काय उजेड! शुभशकुन. आतपर्यंत वीज पोचते आहे, हे सिद्ध झालं. खवाजा काहीतरी उलटं म्हणाला होता, पण तो दुकानदार, घाबरवणारच.

रेडिओ बोलला नाही. लाजत असेल. बारा वर्षांनी कोणीही लाजेल.

१५ फेब्रुवारी
जिन्यात भेटेल त्याला सांगितलं: पहिल्या रोजाला टीव्हीकडे बघू नका. तोफ चौथ्या मजल्यावरून ऐका, खिडक्या उघड्या ठेवा. आता माघार नाही. जाहीर केलं की अर्धं काम होतं, असा माझा अनुभव आहे.

१९ फेब्रुवारी
थकवा. इन्साफने बल्ब न्हाणीघरात लावला, तिथला गेला होता म्हणे. विज्ञानाची किंमत नाही या घरात.

२२ फेब्रुवारी
चंद्र दिसला. उद्या पहिला रोजा. आईने कपाटातून बाबांची खजुराची बशी काढून स्वतः पुसली. मला विचारलं, होईल ना रे? मी म्हटलं, झालंच समज. झोप येत नाही.

२३ फेब्रुवारी
मगरिब, म्हणजे सूर्यास्ताची नमाज, पाच-पन्नासला. पाच बेचाळीसला मी रेडिओसमोर, आई खुर्चीत, बशी मांडीवर. न्हाणीघरात इन्साफ नमाजाआधी हातपाय धूत, वजू करत होती, बल्ब मागायची सोय नव्हती. यंत्र खाली, चहाच्या ग्लासाखाली. वेळ कमी. बाबांनी कधी बल्ब लावला होता? सरळ प्लग घातला.

पहिलं मिनिट चांगलं गेलं. डायल उजळली. गुणगुण ऐकू आली. आई हसली.

मग धडाम.

पाठीमागून धूर. फ्यूज गेले, अख्खी बिल्डिंग अंधारात, सगळे टीव्ही बंद. आणि चारही मजल्यांवरून एकाच वेळी चमच्यांचा आवाज. माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवून, तीच तोफ समजून सगळ्यांनी रोजा सोडला. आईनेही तोंडात खजूर टाकला, बाबांसाठी दुआ मागितली.

घड्याळात पाच त्रेचाळीस. घशाला कोरड पडली म्हणून मीही पाणी प्यायलो. विसरून प्यायलं तर रोजा मोडत नाही. मी विसरलो होतो की नाही, यावर विचार चालू आहे.

पन्नासला अजान झाली. सगळ्यांनी खाणं थांबवलं. तेव्हापासून मी दाराला आतून कडी लावून बसलोय.

२४ फेब्रुवारी
मशिदीतल्या शेख आतियांचा निर्णय: सात मिनिटं म्हणजे सात मिनिटं. ईदनंतर सगळ्यांनी एक रोजा भरून द्यायचा. सुब्हीकाका म्हणाला, साहेब, तोफ मात्र दणदणीत. रेडिओचा पहिलाच कार्यक्रम चार मजले ऐकतात, हेही थोडं नाही.

२९ मार्च
आज बिल्डिंगचा भरपाईचा रोजा. एकेचाळीस माणसं. जिन्यात कोणी इंजिनिअरसाहेब म्हणालं नाही.

शेख म्हणाले होते, आजींना औषधं आहेत, त्यांना माफ. आईने तरी धरला. संध्याकाळी खुर्चीत अगदी पांढरी पडली होती. मी म्हटलं, आई, तुला कशाला? तू तर तोफ समजूनच खाल्लंस. ती म्हणाली, मला कळलं होतं रे. तोफेला जळका वास येतो का? तुझं तोंड बघवेना, म्हणून खाल्ला खजूर.

मला लाज वाटली. फार वाटली.

मगरिबची अजान झाली तरी बिल्डिंगमध्ये चमचा वाजला नाही. सुब्हीकाका गच्चीवर जाऊन सूर्य बुडाल्याची खात्री करून आला, मग सगळे जेवले. रोबाबेकियावाल्याला उद्या आईनेच बोलावलंय.

बल्ब न्हाणीघरात आहे. लख्ख पेटतो. तेवढं मी तपासलं होतं.