उतरलेली साखर

आई, तुझी साखर आपोआप उतरली तेव्हा आपण दोघी किती खूश झालो होतो. मी अकोल्याच्या होस्टेलवरून नांदगावला आले, तर तू चुलीपुढे शिरा परतत होतीस. "माही साखर उतरली, आता एक घास चालते," म्हणालीस. खाल्लास मात्र तो एकच घास. तोंडाला चव नाही म्हणून ताटली माझ्याकडे सरकवलीस. पाय सुजून चपलेचा पट्टा रुतला होता. लघवीला फेस येतो, हेही तू सहज बोलून गेलीस, जणू शेजारणीबद्दल सांगत होतीस. अमरावतीच्या डॉक्टरांकडे चल म्हणून मी हट्ट धरला. तू ऐकेनास. तुझ्या चौथीच्या वर्गात त्या नापिकीच्या हंगामात शेतकरी बाप गमावलेली मुलं होती, त्यातली एक मुलगी बोलायचीच थांबली होती. "मी शाळेत नाई दिसली तं ते पोरगी दारातूनच वापस जाते," एवढंच म्हणालीस आणि उपाशीपोटी साखरेची गोळी घेऊन निघालीस.

दुपारच्या आत मुख्याध्यापक मला घ्यायला आले. जाऊन पाहते तर तू वर्गात भिंतीला टेकून बसली आहेस, अंगावरचं पातळ घामानं चिंब झालंय, आणि माझ्याकडे अनोळखी बाईकडे पाहावं तशी पाहतेस. कोणीतरी साखरपाणी पाजलं, तेव्हा तू मला हाक मारलीस. जीपमध्ये अमरावतीपर्यंत मी तुला झोपू दिलं नाही. डोळे मिटलेस की गालावर चापट्या मारत होते, आईला मारते आहे याचं भानही नव्हतं.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी हळू आवाजात समजावलं. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या बारीक चाळण्या असतात. वर्षानुवर्षं साखरेनं आणि बीपीनं त्या फाटत जातात. मग शरीराला हवं ते प्रथिन लघवीतून वाहून जातं, त्याचाच तो फेस. चाळण्या पार निकामी झाल्या की गोळीचं औषधही बाहेर पडत नाही, अंगात साचतं आणि साखर नको तितकी खाली ओढतं. तू सगळं ऐकून घेतलंस.

"म्हणजे मी बरी नव्हती होऊन राहिली," तू म्हणालीस.

"नाही, मूत्रपिंडं निकामी होत होती म्हणूनच साखर उतरत होती," डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा डायलिसिस. सुया टोचून सुजलेला हात पदराखाली झाकून उरलेल्या दिवशी शाळा. वार्षिक परीक्षा तू घेतलीसच. त्या मुलीनं तोंडी परीक्षेत कविता म्हटली, हे मला डायलिसिसच्या खाटेवरून सांगताना तू हसली होतीस. पुढच्या कापूस वेचणीपर्यंत मात्र तू राहिली नाहीस.

मलाही साखरेचा आजार निघाला, त्याला बरीच वर्षं झाली. दरवर्षी लघवी तपासते, गोळ्या चुकवत नाही. आज डॉक्टर म्हणाले, यंदा थोडं प्रथिन जातंय; वेळेत सापडलं, आता आवरता येईल. मी शांतपणे मान हलवली आणि बाहेर येऊन पायरीवर बसून राहिले. आई, मले भेव वाटून राहिलं. घरी अजून कोणाला सांगितलेलं नाही.